नवगावला फुटलेलं जहाज: बेने इस्रायलींवर पिढ्यांची कादंबरी लिहायची असेल तर

समुद्रात जहाज फुटतं, मूठभर माणसं किनाऱ्याला लागतात आणि त्यांची नातवंडं-पतवंडं तिथलीच होऊन जातात, अशी जाडजूड चार-पाच पिढ्यांची कादंबरी लिहायची हौस बऱ्याच जणांना असते. मग होतं काय, लोक डायरेक्ट कुठल्यातरी निनावी बेटावर जातात, तिथे चाचे, खजिना, जंगली माणसं, आणि तिसऱ्या चॅप्टरला लेखकाचाच दम संपतो कारण त्या बेटावरचा वारा कुठून येतो ते त्याला माहीत नसतं. अहो, आपल्याकडे अलिबागहून किहीमला जाताना थळच्या पुढे नवगाव लागतं, तिथेच ही स्टोरी पडलेली आहे. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, यांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज या किनाऱ्याजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना नवगावलाच पुरलं, आणि त्या चौदा जणांपासून अख्खा समाज वाढला जो मराठी बोलतो, तेल गाळायचा आणि शनिवारी काम करायचा नाही. तर यावर कादंबरी लिहायची असेल तर कशी लिहायची, कुठे घसरायला होतं, काय वाचायचं, काय बघायचं, ते जमेल तसं सांगते.

आधी सन ठरवा, नाहीतर सगळं ढासळेल

जहाज कधी फुटलं याला एक उत्तर नाही आणि हीच तुमची पहिली अडचण. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाचा इतिहास लिहिला, १८९७ मध्ये लिहून झाला आणि छापला गेला थेट १९३७ ला तेल अवीवला, त्यात त्यांनी इ.स.पू. १७५ च्या आसपासचा काळ धरलाय, म्हणजे सीरियाचा राजा अँटिओकस याच्या जुलमाला कंटाळून निघालेले लोक. याला आधार म्हणून एक गोष्ट नेहमी सांगितली जाते की या लोकांना हनुका हा ज्यूंचा सण ठाऊकच नव्हता, आणि हनुका ज्या घटनेवरून सुरू झाला ती त्यानंतर दहाएक वर्षांनीची, म्हणजे हे आधीच निघालेले असणार. दुसरे लोक म्हणतात पाचवं-सहावं शतक, अजून कोणी काही. इतिहासकाराला हा वाद सोडवायचा असतो, तुम्हाला नाही. तुम्हाला फक्त एक बाजू पकडून पुस्तकभर तिच्याशी इमान राखायचंय.

पण हिशोब करा. इ.स.पू. १७५ धरलं आणि कादंबरी मुंबईतल्या १७९६ च्या सिनेगॉगपर्यंत (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) न्यायची म्हटली तर मधे सत्तर-एक पिढ्या येतात. सत्तर पिढ्या कोण वाचणार! मग दोन रस्ते. एक म्हणजे जहाज उशिरा फोडायचं, सहाव्या शतकात वगैरे, तरीही चाळीसेक पिढ्या राहतातच. दुसरा, मला जास्त पटणारा, म्हणजे जुनाच काळ घ्यायचा आणि मधे सरळ उड्या मारायच्या, पाच-सहा खिडक्या उघडायच्या आणि प्रत्येक खिडकीत एकाच घराण्याच्या दोन-तीन पिढ्या दाखवायच्या. उड्या कुठे मारायच्या ते खाली येतंच.

अजून एक. चौदा हा आकडा दंतकथांना फार आवडतो, चित्पावनांच्या कथेतही परशुरामाला किनाऱ्यावर सापडलेली प्रेतं चौदाच आहेत. त्यामुळे सात जोडपी हे जनगणनेसारखं धरू नका, पण कादंबरीत ते ठेवा मात्र नक्की, कारण समाज स्वतःबद्दल हीच गोष्ट सांगतो आणि चौदा माणसं वाचकाच्या लक्षात राहतात.

जहाज लवकर फोडा

इथे बहुतेक जण चुकतात, वादळावर साठ पानं. माझ्या मते वादळ पंधरा पानांत संपलं पाहिजे कारण वाचकाला माहितीये जहाज फुटणार, मलपृष्ठावरच लिहिलेलं असतं. पण ती पंधरा पानं खरी असू द्या. अरबी समुद्रातली त्या काळची पुष्कळ जहाजं खिळे न मारता काथ्याने शिवलेली असायची, फळीला फळी दोरीने ओवलेली, त्यामुळे जहाज ‘फाटतं’ कसं ते लिहायला मजा आहे. तांबड्या समुद्राकडून येणारी जहाजं नैर्ऋत्येच्या पावसाळी वाऱ्यावर यायची, आणि पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात चौल बंदराचं नाव आहे, सेमुल्ला म्हणून. म्हणजे तुमचं जहाज बहुधा चौललाच निघालं होतं आणि अगदी तोंडाशी येऊन गेलं. खांदेरी-उंदेरीच्या आसपास, किंवा चौलसमोरच्या चौल कडू नावाच्या खडकांवर, तुम्ही ठरवा, पण गूगल मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू उघडून ओहोटीला कुठले खडक वर येतात ते बघा आणि मगच प्रेतं कुठे वाहून आली ते लिहा.

महिना फार महत्त्वाचा. आषाढात फोडलंत तर किनाऱ्यावर एकही होडी पाण्यात नाही, सगळ्या वर ओढून शाकारलेल्या, नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी समुद्रात जात नाहीत (त्या काळी सण हाच होता असं म्हणू नका, पण पावसाळ्यात समुद्र बंद हे तेव्हाही असणारच). म्हणजे किनाऱ्यावर माणसं उभी आहेत, समोर माणसं बुडतायत आणि कोणी जाऊ शकत नाही. यातून दोन पिढ्या पुरेल एवढा प्लॉट निघतो. कोण गेलं नाही, कोणाला जायचं होतं आणि घरच्यांनी धरून ठेवलं, आणि नंतर त्याच घरातली मुलगी वाचलेल्यांपैकी कोणाच्या मुलाला आवडली तर?

प्रेतं पुरण्याचा प्रसंग मात्र घाईत उरकू नका. नवगावला त्या दफनभूमीची जागा आजही दाखवतात, स्मारक आहे, समाजाची लोकं तिथे जातात. एकदा जाऊन या. आणि तिथे उभं राहून रील काढू नका प्लीज.

जमीन रिकामी नव्हती

नवीन भूमीवर वसाहत म्हटलं की डोक्यात रिकामं रान येतं, झाडं तोडली, झोपडी बांधली, झालं. अष्टागरात, म्हणजे अलिबाग-चौलच्या या पट्ट्यात, तसं काही नव्हतं. चौल हे चालतं बंदर, कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या नावांत चेमुलचे, म्हणजे चौलचे, लोक आहेत, नाशिकच्या लेण्यांत उषवदाताच्या लेखात नारळाची हजारो झाडं दान दिल्याचं आहे. म्हणजे वाड्या होत्या, मालक होते, देवळं-विहार होते, कर होते. किनाऱ्याला लागलेल्या चौदा जणांना जी जमीन मिळणार ती कोणाला नको असलेली, खाऱ्या पाण्याखाली जाणारी, नाहीतर मिळणारच नाही. त्यांना कोणीतरी ‘राहा’ म्हणावं लागणार. तो म्हणणारा माणूस कोण, त्याला त्यात काय मिळालं, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. चांगुलपणा एवढंच कारण देऊ नका, त्याने कादंबरी गोड होते.

आणि इथेच धंदा येतो.

घाणा हा कादंबरीचा कणा

हे लोक तेली झाले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. एवढी एकच गोष्ट पकडलीत तरी सगळी कादंबरी तिच्याभोवती फिरते. कारण बघा, धार्मिक ग्रंथ बुडाले, हिब्रू भाषा हळूहळू गेली, पण शनिवार राहिला, आणि तो राहिला तो प्रवचनातून नाही तर बैल सोडून, घाण्याची लाट थांबवून. आता यातला ताण शोधा. सणासुदीच्या आदल्या दिवशी शनिवार आला, सगळ्या गावाला तेल पाहिजे, घाणा बंद. मोठा सरदार माणूस पाठवतो, तेल द्या, नाहीतर बघून घेईन. शनिवारी विकायचं नाही म्हणून शुक्रवारीच जास्त गाळून ठेवायचं, मग शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे नुसती धावपळ. एखाद्या पिढीतला धाकटा भाऊ म्हणतो की बैलाला कुठे धर्म असतो, गडी लावून घाणा चालू ठेवू की. या भावाचं काय होतं हा पूर्ण एक भाग होऊ शकतो.

धंद्याचे तपशील नीट शिका. तीळ गाळणं वेगळं, खोबरं वेगळं, उंडीचं तेल दिव्याला आणि होडीच्या लाकडाला लावायला, खायला नाही. पेंड कोणाची, शेतकऱ्याची का तेल्याची, यावरून भांडणं लावता येतील. कुठे जुना लाकडी घाणा फिरताना बघायला मिळाला तर तासभर बसा, त्याचा जो करकर आवाज येतो तो बंद झाल्यावर वाडीत शनिवार कसा ‘ऐकू’ येत असेल ते कळतं.

आणि हो, तेलाचा धंदा आधीच कोणाचा तरी होता! नाशिकला तिसऱ्या शतकातला एक लेख आहे, त्यात तेल्यांच्या श्रेणीकडे पैसे ठेव म्हणून ठेवल्याचं म्हटलंय, म्हणजे तेली ही संघटित, पत असलेली मंडळी होती. मग हे समुद्रातून आलेले लोक घाणा लावतात तेव्हा जुने तेली गप्प बसतील का? मी लिहीत असते तर पहिल्या पिढीला घाणा मिळूच दिला नसता. पहिली पिढी मजुरी करते, दुसरी दुसऱ्याच्या घाण्यावर बैल हाकते, तिसरीचा स्वतःचा घाणा होतो. गिऱ्हाईक म्हणून कुड्याच्या लेण्यांतले भिक्षू आणा, त्यांना दिव्याला तेल लागणारच. हा माझा कल्पनाविलास आहे, पण शक्य आहे, आणि ऐतिहासिक कादंबरीत ‘नोंद नाही पण शक्य आहे’ एवढं पुरतं.

लग्नांची एक्सेल शीट बनवा

हसू नका, खरंच बनवा. सात घरं. पहिल्या पिढीच्या मुलांची लग्नं एकमेकांत झाली. त्यांच्या मुलांची परत एकमेकांत. तिसऱ्या-चौथ्या पिढीला सगळेच एकमेकांचे चुलत-मावस, नाहीतर बाहेरची सून. परंपरा सांगते की आम्ही आपसातच राहिलो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात ज्यू वारसा पण दिसला आणि स्थानिक भारतीय वारसा पण भरपूर दिसला. कादंबरीकाराला या दोन्हींच्या मधली जागा मिळते. समाजात पूर्वी गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता, काळे म्हणजे बाहेरच्या बाईपासून झालेली संतती असं मानायचे आणि गोरे त्यांच्याशी लग्नव्यवहार करत नसत. म्हणजे जातीच्या समुद्रात आलेला समाज स्वतःच्या आतही तीच भिंत बांधतो. ही गोष्ट टाळून लिहिलेली कादंबरी मला खोटी वाटेल. पण लिहिताना निवाडा देत बसू नका. एक बाई दाखवा, गावातली, जिने नवऱ्याच्या घरचा शनिवार सगळ्यांपेक्षा कडक पाळला, आणि तरी तिच्या नातवाला पंगतीत वेगळं बसवलं. बस्स.

सात घरांना सात वेगळी माणसं द्या, एकाला समुद्राची कायमची भीती, एक बाई लिहायला-वाचायला येणारी (ग्रंथ गेल्यावर तिचं काय झालं?), एक असा जो मुळात त्या लोकांतला नव्हताच, नुसता खलाशी होता, पण वाचला आणि गप्प राहिला. हा शेवटचा माणूस तर मी कोणालाही सुचवेन, कारण त्याच्या वंशजांना पुढे सगळ्यात जास्त अभिमान असणार शुद्ध रक्ताचा.

काय विसरलं त्याची वही

साहस कादंबरीत वाचक पान उलटतो ते ‘जगतील का’ म्हणून. इथे पहिल्या शंभर पानांनंतर ते जगणार हे कळलेलं असतं. मग पुढची चारशे पानं कशाच्या जोरावर? माझं म्हणणं, ‘काय विसरतील’ याच्या जोरावर. प्रत्येक पिढीला एक गोष्ट गमवायला लावा आणि एक गोष्ट मिळू द्या, आणि याची वेगळी वही ठेवा, नाहीतर तुमचाच गोंधळ होतो.

गेलं काय: ग्रंथ, भाषा, बऱ्याच प्रार्थना, आपण नक्की कुठून आलो त्या गावाचं नाव. राहिलं काय: शनिवार, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले नसलेला मासा न खाणं, आणि शेमा या प्रार्थनेची पहिली ओळ, जी जन्म-लग्न-मृत्यू सगळीकडे म्हणायची कारण दुसरं काही येतच नव्हतं. मिळालं काय: मराठी, मेंदी, हळद, मंगळसूत्र, विधवेचं लग्न न करणं (हो, हेसुद्धा, सगळंच मिळालेलं चांगलं नसतं), गावावरून आडनावं, पेणकर, किहीमकर, रोहेकर, दिवेकर, झिराडकर.

सणांची मराठी नावं तर सोनं आहे. नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण, खिरीचा सण, अनशी ढाकाचा सण. बाहेरच्या ज्यू लोकांना यातलं एक नाव कळणार नाही आणि कोकणातल्या माणसाला सगळी ओळखीची वाटतील. चॅप्टरना हीच नावं द्या हवं तर. उपासाच्या दिवसानंतर वालाचं बिरडं शिजतंय, असं दृश्य लिहिलंत तर त्यात दोन हजार वर्षं आपोआप येतात, वेगळं समजवायला लागत नाही. मलिद्याचा विधीही घ्या, पोहे, खोबरं, गोड, फळं, आणि एलियाहू हन्नाबींचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव. अलिबागजवळ खंडाळ्याच्या बाजूला (घाटातलं खंडाळा नाही, ते वेगळं) एका खडकावर त्यांच्या रथाची-घोड्याची खूण आहे असं समाज मानतो. हा प्रसंग चमत्कार म्हणून लिहायचा का नाही? माझं मत, कोणीतरी एकाने पाहिला असं लिहा, आणि त्याचं खरं-खोटं गावावर सोडून द्या.

उड्या कुठे मारायच्या

पहिली खिडकी जहाज आणि पहिल्या तीन पिढ्या, याला पुस्तकाचा निम्मा भाग द्या. दुसरी खिडकी दहाव्या-अकराव्या शतकात. अरब प्रवासी अल मसूदी ९१६ च्या सुमारास चौलला आला होता, बंदर गजबजलेलं होतं, आणि अलिबागशेजारच्या आक्षीचा मराठी शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा, मानला जातो. म्हणजे मराठी दगडावर येतेय त्याच गावांमधून तुमची माणसं तेलाच्या कावडी घेऊन जातायत. आक्षीचा दगड बसवताना बघायला उभा असलेला एक शनवार तेली, मोह होतो की नाही? फक्त त्याला ‘हा ऐतिहासिक क्षण आहे’ वगैरे वाटायला लावू नका, त्याला उशीर होतोय घरी जायला.

तिसरी खिडकी डेव्हिड रहाबी. बाहेरून एक ज्यू माणूस येतो, त्याला शंका येते की हे आपलेच, तो बायकांना मासे शिजवायला देतो, बायका खवले-पंख असलेले मासे वेगळे काढतात आणि बाकीचे बाजूला ठेवतात, आणि त्याची खात्री पटते. मग तो तीन जणांना शिकवतो, ते काजी, म्हणजे समाजाचे धार्मिक प्रमुख, होतात, झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांत ते पद चालत आलं असं सांगतात. समाजाच्या सांगण्यात हा माणूस खूप जुना, काही अभ्यासकांच्या मते तो अठराव्या शतकातला, कोचीनच्या रहाबी घराण्यातला. त्या घराण्यातल्या एझेकिएल रहाबींनी १७६८ मध्ये हॉलंडला पाठवलेल्या पत्रात कोकणातल्या या लोकांचा उल्लेख आहे. मी असते तर उशिराचा रहाबी घेतला असता, कारण मग लगेच आंग्रे, सिद्दी, कंपनी सरकार असं सगळं एका भागात येतं आणि पुस्तकाला वेग येतो.

या प्रसंगाचं गोड मिलन करू नका हं. विचार करा, शेकडो वर्षं तुम्ही एक गोष्ट जिवापाड सांभाळलीत आणि एक परका येऊन सांगतो, बरोबर आहे पण अर्धवट आहे, असं नाही, असं करायचं. घरातल्या म्हातारीला राग येणार! सासूने शिकवलेलं चूक कसं? मासे निवडणारी ती म्हातारीच असू द्या, आणि परीक्षा पास झाल्याचं कळल्यावर ती त्याच्यावर उखडते असं लिहा.

चौथी खिडकी, खरं साहस इथे आहे. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, कंपनीच्या फौजेत अधिकारी, टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत कैद झाले. कथा अशी सांगतात की तू कोण असं विचारल्यावर बेने इस्रायल असं उत्तर आलं, आणि टिपूच्या आईने मधे पडून जीव वाचवला. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं, मुंबईतलं पहिलं. रस्त्यालाही सॅम्युएल स्ट्रीट नाव आहे, जाऊन बघता येतं. खरी व्यक्ती असल्यामुळे त्यांना नायक करू नका, त्यांच्या शेजारच्या कोठडीत तुमचा काल्पनिक माणूस बसवा, त्याला घाबरू दे, खोटं बोलू दे, खऱ्या माणसाच्या तोंडी आपण बनवलेली वाक्यं घालायला नकोत.

पाचवी खिडकी मुंबई-पुणे, फौज, रेल्वे, शाळा, दवाखाने. इथे माहिती इतकी आहे की बुडायला होतं. दोन गोष्टी पुरेत. १८७४ मध्ये पुण्यात छापलेला मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायचं पुस्तक, त्याच्या चित्रात साडी नेसलेल्या बायका सणाच्या भाकऱ्या करतायत. आणि १८८० पासून सुरू झालेली बेने इस्रायली कीर्तनं, म्हणजे बुवा उभे, टाळ-पेटी, आणि आख्यान अब्राहमाचं, ओव्या-साक्यांमध्ये. ही एक रात्र लिहा आणि पुढे चला.

भाषा आणि ताटातलं

पहिल्या पिढीला काय बोलायला लावायचं? माझा उपाय: जहाजातली माणसं आपसात बोलतात ते साधं, जरा कोरडं, पुस्तकी मराठी, आणि गावातली माणसं बोलतात ते ‘मना’, ‘नाय’, ‘आयलो’ असं आगरी-कोळी वळणाचं. मग दुसऱ्या पिढीत मुलं घरात एक आणि बाहेर एक बोलतात, आणि तिसऱ्या पिढीत आजीचं बोलणं नातवाला हसू येण्यासारखं वाटायला लागतं. वाचकाला भाषा बदलताना ‘ऐकू’ येते, वेगळा चॅप्टर लागत नाही. नावांचंही तसंच, जुन्या कागदांत अबाजी, इसाजी, मुसाजी, बनाजी अशी नावं दिसतात, अब्राहम-आयझॅक एकदम घालू नका मधल्या काळात.

जेवणात मिरची! पोर्तुगीज यायच्या आधी मिरची, काजू, बटाटा, टोमॅटो, पेरू, पपई काही नाही. कालवणात मिरी, आलं, कोकम, ओलं खोबरं. गुळाच्या जागी साखर टाकू नका, चहा तर नाहीच नाही. इतकी साधी गोष्ट, पण जाणकार वाचक पहिल्यांदा इथेच पकडतो आणि मग तुमच्या कशावरच विश्वास ठेवत नाही.

शेवट कुठे करायचा

१९४८ नंतर समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले, दिमोना, बीरशेबा, लोद, अश्दोद. म्हणजे परत समुद्र ओलांडणं. इथे बरेच लेखक ‘अखेर घरी पोचले’ म्हणून पडदा पाडतील. पण पुढे काय झालं ते वाचा. १९५०च्या सुरुवातीलाच काहींनी वागणुकीला कंटाळून ठिय्या दिला, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून, आणि काहीजण खरंच परत आले. नंतर १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने यांच्या लग्नाच्या वेळी पूर्वजांची चौकशी करा असं सांगितलं, म्हणजे तुमच्या आज्या-पणज्या खऱ्या ज्यू होत्या का ते दाखवा, आणि १९६४ मध्ये मोठं आंदोलन झाल्यावर सरकारने हे पूर्ण बरोबरीचे ज्यू आहेत असं ठामपणे सांगितलं. आठवतंय ना एक्सेल शीट? गोरे-काळे? तुमच्या तिसऱ्या पिढीतल्या त्या बाहेरच्या सुनेचा हिशोब दोन हजार वर्षांनी जेरुसलेममधल्या एका टेबलावर मागितला जातोय. कादंबरीचा क्लायमॅक्स हा आहे, वादळ नाही. तो प्रसंग एका लग्न ठरलेल्या मुलीच्या नजरेतून लिहा, दिमोनाच्या कापड गिरणीत कामाला असलेल्या, जिला फक्त हॉल बुक करायचाय.

लिहिण्याचा क्रम मात्र उलटा ठेवा, आधी तिसरी पिढी लिहून काढा, त्यांच्यात सगळे ताण आहेत, मग मागे जाऊन जहाजात कोणाकोणाला बसवायचं ते आपोआप ठरतं. खलनायकाला समाजातलं चालू आडनाव देऊ नका, छोटा समाज आहे, भारतात आता चार-पाच हजारांच्या आतच उरलेत, प्रत्येक आडनावामागे ओळखीचं कोणीतरी घर असतं. गाव काल्पनिक करा आणि त्याला ‘कर’ लावा, काम भागतं. ड्राफ्ट झाला की अलिबागच्या इस्राएल आळीत किंवा मुंबई-ठाण्यात ओळख काढून समाजातल्या कोणा वयस्क बाईंना वाचायला द्या, पुरुषांना नंतर, कारण सणाला काय शिजायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे बायकांना नक्की माहीत असतं. आणि फोन करायचा तर शनिवारी करू नका.